लिफ्टमन आप्पांचं तवसं

चिंचमाळ वाडीत दुमजली घर एकही नव्हतं. तरीही वाडीत एक लिफ्टमन होता.

बाळाराम आप्पांची सगळी नोकरी मुंबईत, फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गेली. निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच वारलेली, मुलगा-सून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. मग ते गावी परत आले. पोलादपूरहून सुटलेली एसटी पत्र्याच्या शेडपाशी वळून माघारी जाते. तिथून पायवाटेने वर चढलं की ही वाडी. मी तिथल्या शाळेवर शिक्षक होतो. राहायला महाडला, जाणं-येणं मोटारसायकलवर, आणि शेवटचा चढ पायी.

शाळेत मी रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी शाळेच्या दारात खाकी डगला घातलेले एक गृहस्थ दार धरून उभे होते. डगल्याला पितळी बटणं, आणि ती चिंच लावून घासलेली, लखलखीत. मला वाटलं, शाळेला शिपाई मिळाला. मी आत गेलो, त्यांनी दार हळूच लोटलं आणि म्हणाले, "गुरुजी, तळमजलाच हाय. पण सवय."

आप्पा सगळं माळ्यांत मोजत. माड तीन माळ्यांचा. शेवगा यंदा दुसऱ्या माळ्यावर गेला. नातवाला ताप आला तर मुलाला फोनवर विचारत, "आता कुठल्या माळ्यावर हाय?" माणसंही त्यांनी तशीच मापली होती. खालच्या गावच्या एका पुढाऱ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "माणूस तळमजल्याचा. आवाज तेवढा टेरेसचा." आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "माणूस लिफ्टमध्ये शिरला की कळतो. चांगला असंल तर आत आल्यावर मागं सरकतो." हे सांगताना ते समोरच्याच्या पायांकडे बघत. नकळत आपण एक पाऊल मागे घेत असू.

रोज दहाच्या सुमाराला ते पेपर वाचायला शाळेच्या व्हरांड्यात येत. पेपर मी महाडहून आणलेला आदल्या दिवशीचा असायचा. त्याचं त्यांना काही नव्हतं. "आपल्याकडं बातमी जिन्यानं येते," म्हणायचे.

आप्पांच्या हातून काही उगवत नसे. हे साधं वाक्य आहे, पण आमच्या भागात ते कुणी सहज बोलत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कुंपणाची काठी फुटते, छपरावर गवत येतं, विसरलेल्या पोत्याला कोंब येतात. अशा मुलखात आप्पांनी अळू लावलं आणि ते मेलं. अळू मरतं हे वाडीने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बायका मुद्दाम बघायला आल्या होत्या. मिरचीची रोपं त्यांनी महाडच्या बाजारातून आणली आणि ऊन लागू नये म्हणून पडवीत ठेवली. कोथिंबिरीसाठी धणे पेरले आणि पाणी इतकं घातलं की धणे वाहत जाऊन शेजारच्या वाफ्यात उगवले.

खरी गोम मला नंतर कळली. आप्पा बी पेरत आणि रोज सकाळी उकरून बघत. कोंब आला का, किती आला, मग परत मातीत. मी एकदा त्यांना असं बी हातात घेऊन चष्म्यापुढे धरलेलं पाहिलं.

"आप्पा, असं केल्यावर ते येईल कसं?"

"आणि न बघता कळंल कसं गुरुजी? लिफ्टला बाहेर दिवा असतो. कुठल्या माळ्यावर हाय ते दिसतं. माणूस निवांत उभा राहतो. याला दिवा नाय."

यावर डीएडला आम्हाला काही शिकवलेलं नव्हतं.

त्यांचे धणे ज्या वाफ्यात उगवले तो वाफा सोनाकाकूंचा होता. सोनाकाकू म्हणजे आप्पांच्या भावकीतल्या, नात्याने त्यांची वहिनी, विधवा, वयाने त्यांच्याच आसपास. आमच्या शाळेची खिचडी त्याच शिजवत. बुटक्या, काटक, आणि बोलणं असं की डाळ न शिजवता मऊ व्हावी. त्यांच्या परसात काय नव्हतं ते विचारावं. दगडावर पडवळ चढवतील अशी बाई.

ही दोन घरं एकमेकांशी बोलत नसत. मधल्या बांधावर पूर्वी एक फणस होता. बुंधा एकाच्या हद्दीत, फांद्या दुसऱ्याच्या. आप्पांचे वडील आणि सोनाकाकूंचे सासरे त्या फणसावरून भांडले आणि ग्रामदेवीच्या देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेऊन आले, की या घरचं माणूस त्या घरच्या माणसाशी बोलणार नाही. पुढे वादळात फणस पडला. त्याच्या फळ्या झाल्या, फळ्यांचे पाट झाले, पाटही झिजले. शपथ मात्र धडधाकट राहिली.

बोलायचं नाही म्हणजे ऐकवायचं नाही असं शपथेत नव्हतं. आप्पांचे धणे आपल्या वाफ्यात उगवले तेव्हा सोनाकाकू आपल्या म्हशीला मोठ्याने म्हणाल्या, "खा गो, खा. मुंबईहून आलीय कोथमीर." आप्पा त्या दिवशी शाळेत आले ते पेपर न वाचताच बसून राहिले. खिचडी वाढतानाही हाच प्रकार चाले. आप्पांना एक ताट रोज मिळायचं, पण सोनाकाकू ते उंबऱ्यावर ठेवून भिंतीला सांगायच्या, "गरम हाय." आप्पा भिंतीला म्हणायचे, "मीठ कमी हाय."

त्या जूनमध्ये शाळेला चित्रांच्या पुस्तकांची एक पेटी मिळाली. त्यात एक पुस्तक मुलांना फार आवडलं. एक कोल्हा आणि एक कोंबडी मिळून काकडीचं बी लावतात. कोल्ह्याला बागेतलं काही कळत नाही, कोंबडी त्याला घाबरते. पण माती उकरायला कोंबडी हवी आणि राखण करायला कोल्हा हवा, म्हणून दोघांचं जमतं. पानावर मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळी. पहिलीची मुलं चित्रं वाचत, तिसरीची ओळी वाचत, आणि आप्पा दोन्ही.

आप्पांना ते पुस्तक अजिबात पटलं नाही.

"पाचव्या पानावर वेल?" ते मला म्हणाले. "गुरुजी, माझी काकडी गेल्या साली दिवाळीपर्यंत पहिल्या पानावर व्हती."

"गोष्ट आहे आप्पा."

"गोष्ट असली म्हणून काय झालं. आणि हा कोल्हा कोंबडीबरोबर बसतो? मी नाय मानत. कोल्हा काकडीची वाट बघत बसणार नाय, कोंबडी खाऊन मोकळा होईल."

त्यांनी पुस्तक घरी नेलं, परत आणलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना व्हरांड्यात बसवून स्वतः मोठ्याने वाचायला लागले. वाचताना मध्येच थांबले. चित्रात कोल्हा पंज्याने माती बाजूला करून बी बघत होता. आप्पा त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. ओळखीचं कुणी भेटावं तसे.

किचन शेडमधून सोनाकाकूंचा आवाज आला. पळी डेगीवर आपटत त्या डेगीला सांगत होत्या, "त्या कोल्ह्याला म्हणावं, रोज उकरू नको. बी काय पळून जातंय? चार दिस हात बांधून बस."

मुलांनी माना शेडकडे वळवल्या. मीही. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुस्तकातल्या कोंबडीच्या चित्राकडे बघून म्हणाले, "कोंबडीला म्हणावं, कळणार कसं वर येतंय का नाय ते?"

डेग काही वेळ नुसतीच खदखदली. मग शेडमधून उत्तर आलं, "माती फुगते. डोळे असतील तर दिसते."

आप्पा उठून माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात, वकिलाला विचारावं तसं म्हणाले, "गुरुजी, शपथ कुणाशी न बोलण्याची हाय? त्या घरच्या माणसाशी. कोंबडी काय माणूस हाय?"

मी म्हटलं, नाही.

"आणि मी कोल्हा. म्हणजे दोन्हीकडून अडचण नाय."

सोनाकाकूंना कोंबडी होणं सुरुवातीला मान्य नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, त्याला कोल्हा आन मला कोंबडी? वाघीण नव्हती का पुस्तकात?" मी पेटीतली सगळी पुस्तकं दाखवली. वाघीण होती, पण ती काही लावत नव्हती, नुसती झोपली होती. मग त्या नाइलाजाने कोंबडी झाल्या.

शाळेच्या कुंपणापाशी कोल्हा आणि कोंबडीने तवशाच्या बिया लावल्या. तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी, हातभर लांब, पिकली की पिवळीधमक. काकूंनी आळं केलं, शेण घातलं, बिया टोचल्या. आप्पा छत्री धरून उभे. नंतरचे दिवस आप्पांना फार जड गेले. ते आळ्यापाशी यायचे, हात पाठीमागे घट्ट धरायचे आणि वाकून माती फुगते का बघायचे. शेडमधून लक्ष असायचं. हात पाठीमागून सुटला की आतून पळी वाजायची.

एके सकाळी मी चढ चढून येतोय तर आप्पा निम्म्या वाटेवर सामोरे आले, डगल्याचं एक बटण भलत्याच काजात. "आलं," एवढंच म्हणाले. मग माझ्याआधी वळून परत गेले, न जाणो तेवढ्यात आत गेलं तर. दोन इवली पानं होती, डोक्यावर बीचं साल टोपीसारखं. आप्पांनी मुलांना रांगेत उभं करून दाखवलं. सोनाकाकू ताटं मांडत कोणाकडे न बघता म्हणाल्या, "कोल्ह्यानं हात बांधले म्हणून आलं." मी त्यांना आजवर कुणाची एवढी स्तुती करताना ऐकलं नव्हतं.

वेल कुंपणावर चढली, तिथून शेडच्या पत्र्यावर. आप्पा रोज जाहीर करत, "पहिला माळा." मग, "पहिला आणि अर्धा." वानरं उतरायला लागली तेव्हा ते डगला घालून, हातात काठी घेऊन राखणीला बसले. वानरांना त्यांनी हिंदीतून हाकललं. मुंबईत नको असलेल्या माणसाशी हिंदीच बोलायची असते, असा त्यांचा अनुभव होता.

याच दिवसांत, पावसाने आठवडाभर उघडीप दिली असताना, केंद्रप्रमुख साहेब अचानक शाळा बघायला आले. चढ चढून घामाघूम झालेले, माझ्यावर आधीच नाराज. वर्गात शिरले तोच बाहेरून त्यांना ऐकू आलं:

"कोंबडे, आज पाणी घातलंस का?"

"सकाळीच घातलं. कोल्ह्याला म्हणावं चष्मा लाव."

"कोल्ह्याचा चष्मा बरोबर हाय. कोंबडीनं घातलेलं पाणी पत्र्यावरून माझ्या डोक्यावर आलं."

साहेब खिडकीपाशी थबकले. बाहेर पितळी बटणांचा डगला घातलेला म्हातारा आणि पळी हातात घेतलेली म्हातारी, दोघेही गंभीर. समोर बसलेली मुलं त्यांच्याकडे लक्षही न देता पाढे म्हणत होती, कारण त्यांना हे रोजचं होतं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मी मनात बदलीची जागा शोधायला लागलो. मग ते हळूच म्हणाले, "उपक्रम?"

"हो," मी म्हटलं.

"नाट्यीकरण. ज्येष्ठ नागरिकांचा सहभाग. पात्रं अगदी समरस झालीत हो." त्यांनी शेरा फार छान लिहिला आणि जाताना आप्पांना म्हणाले, "आजोबा, अभिनय छान करता."

आप्पा मला म्हणाले, "अभिनय काय करायचाय? पाणी खरंच डोक्यावर आलं."

श्रावणात पाऊस असा लागला की कशेडी घाटात दरड येऊन गाड्या अडकल्याचं कळलं, सावित्री नदी दासगावच्या शेतांत शिरली, आणि मी तीन दिवस वाडीवरच अडकलो. एके दुपारी खालून तलाठी आणि दोन पोलीस भिजत वर आले. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग दिसत होती. सगळ्यांनी ताबडतोब शाळेत यायचं, शाळा सपाटीवर आहे. लोकांनी भांडी, पोरं, शेळ्या घेतल्या आणि वर्ग भरून गेला.

सोनाकाकू आल्या नव्हत्या. मी गेलो. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. "माझी म्हैस व्यायला झालीय, मी नाय येत." तलाठी गेले, त्यांना काकूंनी बापाचं नाव विचारलं. पोलीस गेले, त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. वरून मातीचा लालभडक ओघळ वाटेवर यायला लागला होता.

आप्पा शाळेच्या दारात उभे होते. कोण आलं, कोण राहिलं, ते बघत होते. मग ते पावसात उतरले. मी मागोमाग गेलो. बांध ओलांडून ते त्या अंगणात शिरले. त्या अंगणात त्यांचं पाऊल जन्मात पडलं नव्हतं. उंबऱ्याशी थांबले. डगल्यातून पाणी गळत होतं.

मला वाटलं, आता ते कोंबडीला हाक मारतील.

"वैनी," आप्पा म्हणाले.

आत चुलीवर वाकलेल्या सोनाकाकूंची पाठ ताठ झाली. त्या वळल्या नाहीत. "कोण बोलतंय?"

"मी. बाळाराम. वैनी, चला. म्हशीला मी धरतो."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग काकूंनी चुलीत पाणी ओतलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि बाहेर आल्या. "म्हशीला तुमी धरू नका," त्या म्हणाल्या. "म्हैस मी धरते. तुमी पुढं व्हा, दार उघडा." आप्पांनी फाटकाचं दार धरलं. आधी म्हैस गेली, मग काकू, मग आप्पांनी ते नीट लावून घेतलं.

शाळेत त्या दोघांना पाहून वाडी बाजूला सरकली. म्हशीला व्हरांड्यात जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी तिला रेडी झाली, आणि पोरांनी तिच्या नावावरून भांडणं केली.

डोंगर मात्र आला नाही. पाऊस थांबला, भेग होती तेवढीच राहिली, तज्ज्ञ मंडळी येऊन बघून गेली आणि लोक घरी परतले. झालं असं, की सोनाकाकू आप्पांवर भयंकर चिडल्या. "एवढी शपथ मोडायला लावली, आन डोंगर कुठं आला? यायचा व्हता तरी," त्या मला म्हणाल्या. देवीला काय सांगायचं, सासऱ्यांना वर गेल्यावर काय तोंड दाखवायचं, हे त्यांचे प्रश्न होते. आणि त्यांनी आप्पांशी बोलणं बंद केलं. या वेळी शपथेवरून नव्हे, स्वतःच्या मनाने. कोंबडी म्हणूनही बोलेनात.

आप्पा खचले. पहिला अबोला त्यांना वडिलांकडून आला होता. तो त्यांनी घरातल्या जुन्या कपाटासारखा निमूट सांभाळला होता. हा त्यांचा स्वतःचा होता. "गुरुजी," ते म्हणाले, "डोंगर आला असता तर बरं झालं असतं असं नाय म्हणत. पण थोडा यायला पायजे व्हता."

देवीचा प्रश्न पुजाऱ्याने सोडवला. तो म्हणाला, दोघांनी मिळून एक नारळ फोडावा, देवी समजून घेईल. देवळात दोघं आले. नारळ कुणी फोडायचा यावर अडलं. आप्पा म्हणाले, वैनींनी; काकू पुजाऱ्याला म्हणाल्या, आधी बोलला त्यानं. आप्पांनी फोडला. तो कुजका निघाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुजाऱ्याने जुन्या मंडळींचा राग नारळाबरोबर गेला असं तत्काळ जाहीर केलं, पण सोनाकाकूंनी नारळ हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, नारळ हलवून घ्यावा. पाणी वाजलं पायजे. तुमाला कुणी काय शिकवलंच नाय." एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो. मग त्यांनी पुढचंही सगळं बोलून घेतलं, देवळातून घरापर्यंत.

गणपतीच्या आधी पहिलं तवसं काढलं. काकूंनी ते किसून, गूळ घालून वडे केले आणि सगळ्या शाळेला वाढले. आप्पांनी वडा हातात धरून बराच वेळ बघितला. खाल्ला नाही, खिशात ठेवला. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या.

मग मुलांनी या सगळ्यावर आपलं स्वतःचं पुस्तक करायचं ठरवलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू, दोऱ्याने शिवलेल्या. कोल्ह्याला त्यांनी खाकी डगला काढला. कोंबडीच्या हातात पळी. दोघेही रोज येऊन तपासणी करत. आप्पांचं म्हणणं, डगल्याला बटणं सहा आहेत, पोरांनी चारच काढलीत. काकूंचं म्हणणं, तवसं याहून मोठं होतं. मुलांनी तवसं मोठं केलं, तर ते कोल्ह्याएवढं झालं. "आता बरोबर," काकू म्हणाल्या. शेवटच्या पानावर काय काढायचं असं मुलांनी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "कोल्हा नि कोंबडी बसलीत असं काढा. काय करत नायत. नुसती बसलीत." मुलांना ते फार कंटाळवाणं वाटलं. त्यांनी बाजूला एक म्हैस काढली.

पुढच्या वर्षी माझी बदली महाडजवळ झाली. चिंचमाळला जाणं कमी झालं. आप्पा त्यानंतरच्या थंडीत डोंबिवलीला मुलाच्या घरी गेले आणि तिथेच वारले, झोपेत. मला ते उशिरा कळलं.

त्याआधी ते मला एकदाच दिसले, पोलादपूरच्या स्टँडवर. सोनाकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईत करायचं होतं, त्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती, आणि आप्पा त्यांना घेऊन निघाले होते. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, तोंडाला पदर, रागावलेल्या. बाजूच्या सीटवर त्यांनी आपली मोठी पिशवी ठेवली होती. आप्पा तिच्याशेजारी दांडा धरून उभे.

मी खिडकीखालून विचारलं, "काय झालं?"

"काय नाय," आप्पा म्हणाले. "सकाळपासून घाई केली मी, म्हणून."

"मग बसा की. मुंबईपर्यंत असेच जाणार?"

"बसतो," ते म्हणाले. "अजून बोलावलं नाय."

कंडक्टरने घंटा दिली. गाडी महाडच्या रस्त्याला वळत होती तेव्हा मला मागच्या काचेतून दिसलं: सोनाकाकूंनी आप्पांकडे न बघता ती पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.